टिश्यूने राखलेली जागा

प्रतापला जगातल्या कुठल्याही गर्दीत बसायला जागा मिळते. तो माझा नवरा आहे म्हणून मी कौतुकाने सांगतेय असं कुणी समजू नये. लग्न झाल्यापासून मी अशा जागांवर एकटी बसून कंटाळलेय. जागा मिळाली की हा गृहस्थ कुठेतरी फोटो काढायला, नाहीतर कुणाशी तरी गप्पा मारायला पसार होतो आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे डोळे चुकवत बसते.

ही विद्या त्याने सिंगापूरमध्ये कमावली. पुण्याहून आला तेव्हा तो एक साधासुधा, रांगेत शेवटी उभा राहणारा कॉम्प्युटर इंजिनिअर होता. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, दुपारी हातात गरम ताट घेऊन टेबल शोधत फिरायची वेळ आली आणि त्याचे डोळे उघडले. इथली रीत अशी, की आधी टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवायचं आणि मग जेवण घ्यायला जायचं. पाकीट दिसलं की जागा कुणाची तरी आहे. मग भले ते टेबल अर्धा तास रिकामं राहो, कुणी हात लावत नाही. याला इथे ‘चोप’ करणं म्हणतात. आपल्याकडच्या चोपाशी त्याचा संबंध नाही, पण पाकीट बाजूला सारून बसणाऱ्याला तोही मिळेल अशी नजर मिळते.

तेव्हापासून प्रतापच्या खिशात पाकीट, बॅगेत पाकीट, माझ्या पर्समध्येही पाकीट. आणि ही विद्या त्याने आमच्या मुलीला, गार्गीला, अगदी लहानपणी दिली. रविवारी संध्याकाळी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी फिरून झालं की हॉकर सेंटरच्या दारात हा म्हणायचा, “गार्गी, टिश्यू!” की पोरगी सुसाट. माणसांच्या पायांमधून वाट काढत जायची आणि टेबलावर पाकीट ठेवून, कमरेवर हात घेऊन पहारा देत उभी राहायची. “बाबा, तुझी सीट ठेवली!” असं इतक्या मोठ्यांदा ओरडायची की साटेच्या, म्हणजे मांसाच्या काड्या भाजणारा अंकलसुद्धा वळून हसायचा. जगातलं काहीही मिळवून दिल्यासारखा बाप त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचा.

तीच गार्गी जहाज-व्यवसायाचं शिकायला कोपनहेगनला गेली. पदवी घेतली, उन्हाळ्यात तिथल्या कालव्यांमधून फिरणाऱ्या पर्यटकांच्या बोटीवर काम केलं, आणि त्यातच रमली. परीक्षा दिली, लायसन्स मिळवलं आणि आता ती तशीच एक बोट स्वतः चालवते. फोनवर हे सांगताना तिचा आवाज आनंदाने फुटायचा बाकी होता. प्रतापने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “लाइफ जॅकेट असतं ना?” एवढंच.

तो रागावला नव्हता. त्याला सांगताच येईना. कुणी विचारलं, गार्गी काय करते, की हा म्हणायचा, “शिपिंगमध्ये आहे.” आता हे काही खोटं नाही. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काचेचं ऑफिस उभं राहायचं आणि हा ते उभं राहू द्यायचा. आमचा जुना मित्र प्रकाश बँकेतला. ईस्ट कोस्टला कॉन्डो, आणि मुलगा अमेय कितव्यांदा तरी बढती मिळवलेला. त्याच्यापुढे तर त्या ऑफिसला मजले चढत गेले. गेल्या गणपतीत व्हिडिओ कॉल चालू होता. प्रकाश म्हणाला, “गार्गी, ऑपरेशन्स बघतेस म्हणे!” मी प्रतापकडे पाहिलं, प्रतापने मोदकाकडे. गार्गी फक्त हसली.

मग यंदा क्रूझचं ठरलं. आम्ही दोघं आणि प्रकाश-संजीवनी. जर्मनीत कील बंदरात चढायचं आणि बाकीच्या गावांसोबत एक दिवस कोपनहेगन. गार्गीला कळवलं तर तिची नुसती धावपळ.

“बाबा, माझ्या बोटीत तू येणार ना? ॲडव्हान्समध्ये सीट नाही मिळत, who come first, sit first, okay? प्रकाशकाकांना पण आण lah.”

“बघतो,” प्रताप म्हणाला.

नंतर तिने मला वेगळा फोन केला. मी म्हटलं, “मीच सांगून टाकते प्रकाशला, एक घाव दोन तुकडे.” तर म्हणाली, “आई, तू नको. बाबाने सांगू दे. त्याने सांगितलं नाही तर मी समजेन, त्याला नाही आवडत. It’s fine.” मुलगी जेव्हा ‘इट्स फाइन’ म्हणते तेव्हा काय असतं ते आयांना कळतं. मला रडू आलं आणि रागही आला. पण तिने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा ठेवलं. माझ्या ओळखीच्या कुणालाही विचारा, हे माझ्यासाठी सोपं नव्हतं.

जहाजावर प्रताप अगदी फुलून आला. डेकवरच्या खुर्च्यांवर जर्मन मंडळी सकाळी सकाळी टॉवेल टाकून जागा धरतात हे त्याने पाहिलं आणि त्याला भाऊ भेटल्यासारखं झालं. त्याने त्यांच्या शेजारी आपली टिश्यूची पाकिटं ठेवली. कुणी हलवली नाहीत. “बघितलंस? जगभर चालतं,” मला म्हणाला. या यशाने पुढे घात केला.

कोपनहेगनच्या सकाळी आम्ही चौघं सगळ्यात वरच्या डेकवर होतो. जुलै महिना, आणि तरी वारा असा की संजीवनीने शालीवर शाल घेतलेली. समुद्रातच पवनचक्क्यांची रांग उभी, पांढऱ्या, संथ फिरणाऱ्या. त्यांच्यामागून हळूहळू गाव वर आलं. हिरवट तांब्याचे मनोरे, लाल कौलं, शिडांच्या होड्या. ईस्ट कोस्टला फिरताना आम्ही इतकी वर्षं समुद्रात उभी असलेली जहाजं बघत आलोय. तिकडून किनारा कसा दिसत असेल हे कधी मनातही आलं नव्हतं. गाव आपल्याकडे चालत येतं! मी या वयात चक्क उड्या मारल्या. आणि माझी पोर या गावात राहते, या पाण्यात बोट चालवते, हे आठवून पुन्हा मारल्या.

“गार्गी बंदरावर येणार असेल ना?” संजीवनीने विचारलं.

“तिला ड्युटी आहे,” प्रताप म्हणाला. “संध्याकाळी भेटेल.”

प्रकाश-संजीवनीने जहाजाची बस-सहल घेतली होती. प्रतापने गुडघा दुखत असल्याचं सांगितलं आणि आम्ही ‘जवळपास’ फिरायचं ठरवलं. बस दिसेनाशी झाली तसा तो गुडघा असा काही चालायला लागला की मला धावावं लागलं. राजवाड्यापुढचे अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्या घातलेले शिपाई बघितले. कॅफेबाहेर बाबागाड्यांत बाळं निवांत झोपलेली आणि आया आत कॉफी पीत बसलेल्या. हे बघून मी थक्क. एका चर्चच्या मनोऱ्याला बाहेरून गोल गोल जिना, आणि त्यावर माणसं मुंग्यांसारखी चढत होती. सायकलींनी तर आम्हाला दोनदा उडवलंच असतं. प्रताप प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून म्हणायचा, “गार्गी रोज हे बघते!” त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“मग प्रकाशला का नाही आणलंस?” मी विचारलं.

त्याचं दाखवणारं बोट खाली आलं. मग म्हणाला, “मेधा, आधी मी बघतो. मला एकदा बघू दे.”

न्यूहाउन म्हणजे जुन्या बंदराची एक चिंचोळी पट्टी. दोन्हीकडे पिवळी, लाल, निळी घरं आणि मधल्या पाण्यात बोटी. आम्ही वेळेच्या कितीतरी आधी पोहोचलो. धक्क्याला एक लांबट, उघडी बोट लागली होती, आत बाकांच्या ओळी. आणि तिच्या मागच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, दोरखंड गुंडाळत एक मुलगी उभी. निळी टोपी, आखूड कापलेले केस, काळा गॉगल. मी हाक मारणार तेवढ्यात तिने वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी गिळली हाक. प्रतापनेही तिला पाहिलं. त्याचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच राहिला. एवढी मोठी बोट आणि तिच्या टोकाला आपलं एवढंसं पोर, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मग त्याने त्याला जे येतं ते केलं. बोटीत उतरला, अगदी पुढच्या बाकावर टिश्यूची दोन पाकिटं ठेवली, आणि वर येऊन म्हणाला, “पहिली रांग. तिच्या अगदी जवळ.” मोटारीत ड्रायव्हर पुढे असतो, तसा बोटीतही असणार असा त्याचा हिशोब. आणि मग सवयीप्रमाणे तो निघाला फोटो काढायला.

तिकिटं तपासणारी पिकल्या केसांची बाई हातात पिशवी घेऊन बोटीतून फिरत होती. आधीच्या फेरीच्या लोकांनी टाकलेले कागद, कप तिने उचलले. आणि आमची दोन्ही पाकिटंही त्याच पिशवीत गेली. मी “अहो, अहो!” म्हणेपर्यंत एक भलंमोठं इटालियन कुटुंब खिदळत आलं आणि आजीपासून तान्ह्यापर्यंत पुढच्या बाकांवर पसरलं. त्यांच्यामागून अख्खी रांग आत गेली. बोट बघता बघता भरली.

प्रताप धावत आला. “मॅडम, माझी जागा! मी पाकिटं ठेवली होती!”

बाईंनी आधी त्याच्याकडे आणि मग आपल्या पिशवीकडे पाहिलं. “तो कचरा नव्हता?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं. “सॉरी. बोट भरली. पुढची एका तासाने आहे.”

पुढची म्हणजे दुसऱ्या कुणाचीतरी. गार्गीची आजची ही शेवटची फेरी होती, तिनेच सांगितलं होतं. पुढच्या बोटीची वाट पाहिली तर लेकीच्या बोटीत बसणं राहून गेलं असतं. मी मागच्या टोकाकडे पाहिलं. गार्गीच्या हातातला दोर थांबला होता. ती सगळं बघत होती. पण आली नाही.

आणि संकटं एकटी येत नाहीत. पाठीमागून आवाज आला, “काय रे प्रताप! गुडघा बरा झाला वाटतं?” प्रकाश आणि संजीवनी! बसने त्यांना इथेच दोन-तीन तास मोकळं सोडलं होतं.

“अहो, बोटीत बसायचं का आपण पण?” संजीवनीने प्रकाशला विचारलं.

“भरली म्हणतायत. पुढच्या बोटीने जाऊ चौघं,” प्रकाश म्हणाला. “घाई काय आहे? बोट ती बोट.”

 प्रतापने खिशात हात घातला. मला माहीत आहे, पाकीट शोधत होता. हात रिकामा बाहेर आला. बाई साखळी लावायला वाकल्या. माझी जीभ शिवशिवत होती, पण मी ती दाताखाली धरली.

“थांबा,” प्रताप इंग्रजीत म्हणाला. मग एकदम मोठ्यांदा, अख्ख्या न्यूहाउनला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा, “थांबा! ही बोट चालवते ती माझी मुलगी आहे! मी कॅप्टनचा बाप आहे!” आणि प्रकाशकडे वळून, अजिबात आवाज न उतरवता, मराठीत, “ऑफिसबिफिस काही नाही, प्रकाश. गार्गी बोट चालवते. ही बघ. ही एवढी मोठी बोट. हिला पाहायला आलोय मी.”

प्रकाश बघतच राहिला. “गार्गी? ती? अरे, मग आधी सांगायचं नाहीस?” आणि जोरात हात हलवायला लागला. “गार्गी! ए गार्गी! मी प्रकाशकाका!” एवढं साधं होतं ते. तीन वर्षं आम्ही उगाच कुढलो.

तिकीटवाल्या बाई सरळ उभ्या राहिल्या आणि मोठ्याने हसल्या. “म्हणजे बाबा तुम्ही!” ‘बाबा’ हा शब्द त्यांनी मराठीतच उच्चारला. “मग पुढे काय शोधताय? तुमची जागा मागे आहे.”

कॅप्टन मागे उभा असतो. सुकाणू मागे असतं. सुकाणूच्या शेजारी एक लहानसा, एका माणसाचा स्टूल होता. त्यावर टिश्यूचं एक पाकीट ठेवलेलं होतं. निळं, आमच्या घराजवळच्या, जुरोंग ईस्टच्या दुकानात मिळतं तसलंच.

“सकाळपासून तिथे आहे,” बाई म्हणाल्या. “स्टूल बाबाचा हे माहीत होतं, पण पाकीट कशासाठी ते ठाऊक नव्हतं. एवढ्याला हात लावू नकोस म्हणाली, म्हणून लावला नाही. बाकीची दिसली ती उचलली.”

प्रताप बाकांमधून, लोकांच्या गुडघ्यांना थडकत, सॉरी सॉरी म्हणत मागे गेला. गार्गीने गॉगल काढला. कमरेवर हात ठेवले.

“बाबा, तुझी सीट ठेवली,” ती म्हणाली. मोठ्यांदा नाही.

त्याने पाकीट उचललं आणि स्टुलावर बसला. मग रडला. मीही रडले, धक्क्यावर उभी राहून. काय झालं ते इटालियन आजींना कळलं नाही, पण बाप-लेक त्यांना बरोबर कळले. त्यांनी दोन पोरं मांडीवर घेतली, बाकीच्यांना दामटून सरकवलं आणि आम्हा तिघांना हाताने बोलावलं. बाईंनी साखळी पुन्हा काढली.

ती फेरी मला सलग आठवत नाही. ऑपेरा हाऊस आलं, पाण्यावर तरंगती घरं आली. ठेंगणे पूल आले की सगळी बोट हसत माना खाली घालायची. गार्गी एका हाताने ती एवढी बोट अशी वळवायची की प्रकाश दर वळणाला “वा!” म्हणायचा आणि शेजारच्या जपानी बाईंना सांगायचा, “आमची मुलगी आहे.” आमची! पुढे उभी राहून गाईड काय माहिती देत होती कोण जाणे. मी पूर्णवेळ उलटी वळून मागे बघत होते. प्रताप बोटीचं टोक, गार्गीचे हात आणि पुन्हा बोटीचं टोक असं बघत बसला होता, आणि पहिल्यांदाच, धरलेल्या जागेवरून एकदाही उठला नाही.

बोट धक्क्याला परत लागली. लोक उतरले. प्रताप सगळ्यात शेवटी उठला, आणि पाकीट खिशात न टाकता त्याने ते परत त्या स्टुलावर नीट मधोमध ठेवलं.

बाई पिशवी घेऊन मागे आल्या. सवयीने त्यांचा हात पुढे झाला आणि थांबला. त्यांनी गार्गीकडे पाहिलं.

“राहू दे,” गार्गी म्हणाली. “तो पुन्हा येणार आहे.”