खोटकाढे साहेबांची मिशी

पंपघरात त्याला सगळे 'खोटकाढे साहेब' म्हणायचे आणि तो हे बिरुद मानानं मिरवायचा. शहराला पाणी देणाऱ्या पंपांचा हुबेहूब जुळा त्यानं कॉम्प्युटरवर उभा केला होता. निरोगी पंपानं किती दाब द्यावा, किती तापावं, हे जुळा सांगायचा. खऱ्याचा आकडा त्याच्याशी जुळला नाही, की कुठंतरी खोट आहे हे नक्की. नवी इंजिनिअर मात्र फरक दिसला की जुळ्याचेच आकडे हलवून मेळ बसवायची. मग साहेब कडाडायचे, "मॉडेलची कसली समजूत घालताय? पंप उघडा! रोज थोडं थोडं जुळवून घेतलंत, तर पंप मरेल तरी कळणार नाही."

घरी तो आणि आई, दोघंच. त्याला बढती मिळाली त्या सुमारास आई त्याला 'बाळ्या'ऐवजी 'अहो' म्हणू लागली. पोटच्या पोराला अहोजाहो! शेजारीण हसली, हा मात्र मनातून फुलला. मग एकदा आई म्हणाली, "अहो, मिशी कुठं गेली?" थट्टाच ती, पण म्हातारीची हौस कशाला मोडा, म्हणून यानं मिशी राखली. आई खूश झाली. घरात कुरबुरीला जागाच उरली नाही.

ताई दोन वर्षांनी आली. ताई म्हणजे याच्या मते बिनपगारी खोटकाढी. लांबून यायचं, पडदे मळलेत, आई वाळलीय, अशी नावं ठेवायची आणि निघून जायचं. या खेपेला मात्र ती त्याला पाहून दारातच थबकली.

"बाबांसारखी मिशी कुणी ठेवायला सांगितली तुला?"

"आईनं. गंमत गं तिची."

"आणि फोनवर मागून 'अहो, अहो' ऐकू येतं ते?"

"तीही गंमतच."

"अरे, ती तुला बाबा समजतेय! बाबा जाऊन किती वर्षं झाली!"

त्याला रागच आला. चार दिवसांची पाहुणी, हिला काय कळतंय? पण रागातच त्याच्या ध्यानात आलं, की ताईच्या डोक्यातली आई अजून जुनीच होती, कुणी न हलवलेली. इथं मात्र त्यानं रोज थोडं थोडं जुळवून घेतलं होतं.

तेवढ्यात आतून आईची हाक आली, "अहो, बाळ्या आला का कामावरून?"

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मिशीवरून हात फिरवत तो म्हणाला,

"येईल एवढ्यात."