जोडीदाराचं नाव

लूमच्या तेलाचा वास आला की धामणकर नाक्यावरची आमची खोली आठवते. कारखान्याच्या आगीत मागावर सोबत काम करणारा जोडीदार डोळ्यांदेखत गेल्यापासून माझा मोठा भाऊ बोलेनासा झाला होता. अंगारे-धुपारे झाले, मग डॉक्टरबाई आल्या. मनाचा इलाज बोलण्यातून होतो, असं सांगणारं तेव्हा भिवंडीत दुसरं कोणी नव्हतं.

"इंजेक्शन न्हाय देणार?" आईने विचारलं.

"नाही. नुसती बसते."

त्या दादाशेजारी जमिनीवर बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "जोडीदाराचं नाव काय होतं?"

"सलीम," दादा म्हणाला आणि हमसून रडू लागला. कित्येक महिन्यांनी आम्ही त्याचा आवाज ऐकत होतो.

त्याला त्रास नको म्हणून आम्ही घरात ते नाव कधीच काढलं नव्हतं. आज वाटतं, कुणीतरी ते विचारावं याचीच तो वाट पाहत होता.