सुतळी न कापणारा चोर

"बॅनरकडं नका बघू दादा, खालून जाणाऱ्याकडं बघा. जो मान वर करत नाही, तोच चोर."

असं म्हणून तो आपल्याच बॅनरकडं पाठ करून रस्त्याच्या कडेला उभा राहायचा. बोटांना रंग, खिशात सुतळीचा गुंडा. तुमच्याही भागात त्या काळी असला एखादा माणूस असेलच. दुकानाचं उद्घाटन असो, साड्यांचा सेल असो, नाहीतर जयंती, कापडी बॅनर आणि झेंडे लावायला हाच. उल्हासनगरच्या कॅम्पातून मांजरपाटाचा तागा आणायचा, अंबरनाथ पश्चिमेला आमच्या चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंगवायचा आणि पार बदलापूरपर्यंत टांगत जायचा.

त्याचा कुणावर विश्वास नव्हता. कापडवाला मोजून द्यायचा, हा तिथंच हातानं परत मोजायचा. शेडला कुलूप लावायचा नाही. म्हणायचा, "कुलपाची चावी कोणपण बनवतो. माझी गाठ दुसऱ्यानं बांधली तर मला लगेच कळणार." कडीला सुतळीची गाठ मारून निघून जायचा. बॅनर चोरून लोक चड्ड्या शिवतात, ही त्याची पक्की खात्री. चाळीच्या दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे निरखत चालायचा. "ती चड्डी बघा दादा. सेलचा 'से' दिसतोय का नाही?"

माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. नव्या कोऱ्या कापडाला हा ब्लेडनं अर्ध्या चंद्रासारख्या चिरा पाडायचा.

"चांगलं कापड फाडतोस कशाला?"

"वाऱ्याला जायला वाट नको? नाहीतर फुगतं आणि सुतळी तोडून जातं."

मला वाटायचं, लवकर फाटावं आणि याला नवं काम मिळावं, म्हणून सगळं.

कारखाना बंद पडल्यावर मी चाळीखाली पिठाची गिरणी टाकली. कोपऱ्यावर एक जुना गिरणीवाला होता. तो बायकांना सांगायचा, "नव्या दगडाची कच येते पिठात, पोरांच्या पोटात जाईल." बायका डबा घेऊन माझ्या दारापर्यंत यायच्या आणि वळायच्या. गिरणी चालली नसती तर मला दुसरं काही येत नव्हतं. म्हणून बॅनर करायला टाकलं. नाव ठेवलं बायकोचं. सुमन पिठाची गिरणी.

ती म्हणाली, "मला कशाला रस्त्यावर टांगताय? स्टँडवरची रिक्षावाली पोरं ओरडून वाचतील."

"वाचू दे की! वाचायलाच तर लावायचं!"

त्यानं लाल ऑइलपेंटनं रंगवलं. रंग वाळला की कापड पापडासारखं कुरकुरायचं. एक टोक आमच्या गॅलरीला बांधलं, दुसरं समोरच्या चाळीतल्या तिच्या मैत्रिणीच्या गॅलरीला. गिरणीच्या दाराला दोन पिवळे झेंडे. आणि खरंच, दळणं यायला लागली. स्टँडवरची पोरं ओरडायची, "चलो सुमन, सुमन! सुमनला कोण उतरणार?" मी खूश. ती मात्र त्या रस्त्यानं जाताना पदर घेऊन, खाली बघत जायची.

शुक्रवारी आमच्याकडं लाइट नसायची, गिरणी बंद. अशाच एका शुक्रवारी मी गिरणीचा पट्टा आणायला उल्हासनगरला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर बॅनर नाही. झेंडे होते, बॅनर नाही.

माझं डोकं फिरलं. जुन्या पट्ट्याचा तुकडा उचलला आणि कोपऱ्यावरच्याला फोडायला निघालो. तेवढ्यात आलेल्या बॅनरवाल्यानं मनगट धरलं.

"पोलीस चौकीत गेलात तर गिरणी कोण चालवणार? आधी गाठ बघू."

आमच्या गॅलरीत चढला, मग समोरच्या. खाली येऊन म्हणाला, "चोर सुतळी कापतो. त्याला घाई असते. इथं गाठ नखानं सोडलीय. दोन्हीकडची."

"मग समोरच्यांना फितवलं असेल त्यानं!"

"असेल."

बायकोनं चहाला बोलावलं. हा मोरीजवळ बसून सवयीनं सगळीकडं नजर फिरवत होता. डबे, फळी, खिळा. ती पाठमोरी पीठ चाळत होती. याची नजर खिळ्यावर जरा थांबली. मग कप खाली ठेवून म्हणाला, "दादा, हा चोर मिळणार नाही. आणि कोपऱ्यावर जाऊ नका. त्याचं काम नाही हे."

"तुला काय माहीत?"

"तो रोज मान वर करून वाचतो. दात खातो, पण वाचतो."

लोकांच्या चड्ड्यांवर पाळत ठेवणारा माणूस चोर सोडून देतो? मला संशयाचा वास आला. त्यात नव्या बॅनरचे त्यानं पैसे घेतले नाहीत. तेव्हा तर माझी खात्रीच झाली, की यानंच ते उचललं. नव्यावर लिहिलं होतं, 'येथे दळण मिळेल', आणि एक मोठा बाण.

"नाव कुठाय?"

"नावावर वारा जास्त बसतो, दादा. नाव आधी फाटतं."

आत ती हसली. पुढं त्याच्या चहात तिनं कायम जास्त दूध घातलं. या दोघांत काहीतरी आहे, असंही माझ्या मनात आलं. आलं ते आलं, खोटं कशाला लिहू?

बाणानंही गिरणी चालली. पुढं मशीनवरची प्लास्टिकची बॅनरं आली. तो हात लावून म्हणायचा, "यातनं वारा कुठून जाणार?" मग दिसेनासा झाला. कुणी म्हणतं बदलापूरला पोरीकडं आहे, कुणी म्हणतं गेला. माझा दोघांवरही विश्वास नाही.

सुमन या थंडीत गेली. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, तेव्हा तिची उशी उन्हात टाकायला उसवली. तिनं कूस बदलली की ती उशी कुरकुरायची. मी म्हणायचो, "गादीवाल्यानं फसवलं, कापूस खराब दिला." ती म्हणायची, "राहू द्या, मला सवय झालीय." अभ्रा उलटा केला. आतून लाल अक्षरं. सुमन. वाऱ्याची चीर बारीक टाके घालून शिवलेली. आणि स्वयंपाकघरातल्या त्या खिळ्यावर सुतळीची गुंडाळी. तिच्यातलीच तोडून मी इतकी वर्षं पिठाच्या पिशव्या बांधत होतो.

तिनंच त्याला सांगितलं होतं, का खिळा बघून त्याला कळलं, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी उठून शेडकडं गेलो. पत्रा गंजलेला. कडीला कुलूप नाही. सुतळी काळी पडलेली, पण गाठ त्याचीच.

नखानं सुटली असती. मी हात लावला नाही.