रमजानभाईंचा फाटका सूर

वाजवायला बसण्याआधी रमजानभाई रेडिओच्या कानाखाली एक लगावत. हलकी नाही, चांगली सणसणीत. मग त्याच्याकडे वाकून म्हणत, "उठा मामू, लोकं येऊन बसले." मामू जुने व्हॉल्व्हचे, त्यांना तापायला वेळ लागे. तेवढ्यात रमजानभाई मांडी ठाकठीक करत, बेंजो पुढ्यात ओढत आणि पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी विचारत, जेवून आला का. त्याचं उत्तर येईपर्यंत मामूंच्या पोटात घरघर सुरू झालेली असे.

रमजानभाई अमरावतीचे पिंजारी. दिवसा लोकांच्या गाद्या भरत आणि संध्याकाळी गुलाबराव नावाच्या गायकाच्या कव्वाली पार्टीत बेंजो वाजवत. बेंजो ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लांबट पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. ही नखी कशाची, यावरूनसुद्धा त्यांच्या चाहत्यांत दोन मतं आहेत. कुणी शिंगाची म्हणतं, कुणी तुटक्या फणीची. मी हातात घेऊन पाहिली आहे. ती फणीचीच होती.

गेल्या हिवाळ्यात रमजानभाई वारले आणि चाहत्यांची मोठी भांडणं तेव्हापासून लागली. त्यांच्या बेंजोच्या खालच्या तारेतून एक खरखरीत, दाटलेला आवाज निघायचा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा आणि हसूही यायचं. अमरावतीचे लोक म्हणतात, तो रेडिओच्या फाटक्या स्पीकरचा आवाज. अकोल्याचे म्हणतात, छट्, तो रेडिओवर ठेवलेल्या डबीचा. आम्ही त्यांना डबीवाले म्हणतो, ते आम्हाला फाटकेवाले म्हणतात. दोन्हीकडचे शपथेवर सांगतात आणि दोन्हीकडचे खरं सांगतात. ते कसं, हे मला ठाऊक आहे, कारण डबी पहिल्यांदा वाजली त्या दिवशी मी रेडिओच्या मागेच बसलो होतो.

माझी त्यांची ओळख गादीमुळे झाली. मी कापसाच्या जिनात वजनकाट्यावर नोकरीला. सवय अशी की घरातल्या गाद्या उसवल्या तरी आतला कापूस मी आधी तोलला आणि पिंजून झाल्यावर पुन्हा तोलला. भरला कमी. मी तसं बोलून दाखवलं. रमजानभाईंनी पिंजण खाली ठेवली, दाढीतला कापूस झटकला आणि शांतपणे विचारलं, "बाबूजी, जे धूळ उडून गेली तिचं वजन कोनाच्या नावावर लिवता?" माझी बायको दाराआड हसली. त्या दिवसापासून मी त्यांचा बाबूजी झालो आणि त्यांच्या बैठकांना जाऊ लागलो.

त्यांचा उजवा हात पिंजणीवर तयार झालेला. आतड्याची तात ताणलेली ती मोठी कमान टणत्कार करत कापूस उडवते, तोच झटका त्यांच्या मनगटात होता. शिकवणी कुणाकडे घेतली असं विचारलं तर म्हणत, "मानूस आन कापूस, दोनी ठोकल्याबिगर मोकळे होत नाई." वाजवण्याबद्दल आणखी खोदून विचारलं तर म्हणत की गादी असो की गाणं, कोपरे दाबून भरावे लागतात, मध्यभाग आपोआप भरतो. ते गाद्यांबद्दल बोलत आहेत की बेंजोबद्दल, हे पुष्कळदा कळत नसे.

रेडिओची कल्पना त्यांची स्वतःची. टेलिफोनच्या जुन्या चोंग्यातली चकती त्यांनी बेंजोच्या पोटात बसवली, तिची तार रेडिओच्या मागे ग्रामोफोन जोडायच्या भोकात खुपसली आणि बेंजो रेडिओतून बोलू लागला. ज्या गावात वीज नसे तिथे ते रेडिओविनाच वाजवत. त्या बैठकांबद्दल चाहते फारसं बोलत नाहीत. एकदा पोस्टाचा माणूस रेडिओचं लायसन विचारायला आला. रमजानभाई म्हणाले, "साहेब, लायसन आयकाचं असते. हा आयकत नाई, हा नुसता बोलते." तो बिचारा परत गेला. हा किस्सा मी ऐकलेला आहे, पाहिलेला नाही.

स्पीकर फाटला तो मात्र माझ्यादेखत, बडनेऱ्याच्या फलाटावर. गाडीतून उतरवताना हमालाच्या डोक्यावरून मामू खाली आले. पेटी शाबूत राहिली, पण आतला स्पीकरचा कागद उभा चिरला. त्या संध्याकाळच्या बैठकीला दुसरा स्पीकर आणणार कुठून? रमजानभाईंनी तसंच वाजवलं. खालची तार छेडली आणि रेडिओ असा गुरगुरला की पुढची माणसं मागे सरकली. गुलाबराव कपाळाला हात लावून बसले. लोक ओरडले, पुन्हा वाजवा. तेव्हापासून त्या आवाजाला फाटका सूर हे नाव पडलं आणि बैठकीत मधूनच फर्माईश होऊ लागली, "रमजानभाई, फाटका होऊ द्या."

गुलाबरावांना हे रुचत नव्हतं. माणूस गोड गळ्याचा, इस्त्रीचे कपडे घालणारा. लोक गाण्यापेक्षा गुरगुरण्याला टाळ्या देतात, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. नागपूरला त्यांनी कुणालातरी मांडीवर आडवी गिटार ठेवून वाजवताना पाहिलं आणि तेव्हापासून त्यांचं मन गिटारीकडे ओढ घेत होतं. अकोल्यात दुसऱ्या एका पार्टीशी सवाल-जवाबाचा मुकाबला ठरला. गुलाबरावांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं: अकोल्यात पार्टीचं नाव राहिलं तर बेंजो राहील, नाहीतर पुढच्या बैठकीपासून त्या जागी गिटारवाला बसेल. रमजानभाई एवढंच म्हणाले, "बसू द्या. पन त्याची गादी मी भरून देईन." विनोद होता, पण त्या दिवशी ते चहा अर्धा टाकून उठले. गाद्यांनी त्यांचं घर चालत होतं. आठवडाभर कापसाची धूळ गिळणाऱ्या माणसाला ती पार्टीतली जागा काय होती, ते मला माहीत होतं.

आता वासुदेवबद्दल सांगायला हवं. अकोल्याला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. रमजानभाईंवर त्याची अशी भक्ती की आसपास कुठेही बैठक असली तर तो सायकलीनं हजर. लोक फाटका सूर मागत, ती त्याला रमजानभाईंची थट्टा वाटे. मुकाबल्याच्या दिवशी आम्ही दुपारीच पोचलो. वासुदेव म्हणाला, रेडिओ माझ्याकडे ठेवा, धूळ पुसून देतो. रमजानभाई नमाजाला गेले, पार्टी जेवायला गेली. संध्याकाळी वासुदेवनं स्वतः रेडिओ मंचावर आणून ठेवला. रमजानभाईंनी नेहमीप्रमाणे कानाखाली लगावली, मामू उठले, खालची तार छेडली गेली आणि आतून सूर निघाला तो दुधासारखा. स्वच्छ, गोड, आकाशवाणीवर लागतो तसा.

वासुदेव पहिल्याच रांगेत होता. त्याचा चेहरा उजळला होता. "रमजानभाई, कागद पुरा फाटला होता ना," तो म्हणाला. "पातळ कागदाच्या पट्ट्या लावून जोडून टाकला. आता पाहा."

पहिलं गाणं संपलं तरी टाळी नाही. समोरच्या पार्टीच्या क्लॅरिनेटवाल्यानं मुद्दाम एक जांभई वाजवली. लोक हसले. मागून कुणीतरी विचारलं, "रमजानभाई, सर्दी बरी झाली काय?" गुलाबराव घाम पुसत मागे वाकले. रमजानभाईंच्या पिशवीत गाद्या शिवायची दाभण नेहमी असे. गुलाबरावांनी ती पाहिली होती. "खुपसा दाभण," ते दातांत म्हणाले. "फाडून टाका तो कागद. नाहीतर गेलं आपलं नाव."

रमजानभाईंनी पिशवीत हात घातला. दाभण बाहेर काढलीही. मग समोर पाहिलं. वासुदेव हात जोडून बसला होता.

"त्यानं दुपारचं जेवन सोडून शिवलं ते," रमजानभाई हळूच म्हणाले. "त्याच्यासमोर फाडू?"

"तुमची जागा जाईल," गुलाबराव म्हणाले.

"जाऊ द्या."

त्यांनी दाभण परत पिशवीत ठेवली. तारा पुसल्या. मग मोठ्यानं म्हणाले, "वासूभाऊ, तुमच्या खिशात डबी हाये ना स्क्रूची? जरा द्या बरं." वासुदेव धडपडत उठला आणि त्यानं पत्र्याची डबी दिली. रमजानभाईंनी ती रेडिओच्या डोक्यावर ठेवली, कोपरानं जरा सरकवली, तार छेडली. काही नाही. पुन्हा सरकवली. तिसऱ्यांदा खालच्या तारेवर पिंजणीचा झटका बसला आणि डबीतले सगळे स्क्रू एकदम बोलू लागले. तो आवाज फाटक्यासारखा नव्हता. बैलगाडी नालीत उतरावी आणि तिनं गाणं म्हणावं, तसा होता. मांडवातला गलका थांबला. रमजानभाई कोपरानं डबी पुढे-मागे करत होते आणि दर वेळी आवाजाचं तोंड बदलत होतं. क्लॅरिनेटवाल्यानं वाद्य मांडीवर ठेवलं आणि ऐकत बसला. शेवटी गुलाबराव सवाल विसरून स्वतःच मान डोलावू लागले.

जागा राहिली. गिटारीचं नाव पुन्हा निघालं नाही. परतीच्या गाडीत गुलाबराव म्हणाले की त्या वासुदेवला एकदा समजावून सांगितलं पाहिजे, नाहीतर हा उद्या बेंजोही दुरुस्त करेल. रमजानभाईंनी त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. "त्याले कोनी काही सांगू नोका," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाबूजी, तुमी तं बिलकुल नाई. तुमाले वजनात बोलाची सवय हाये."

त्यानंतर अकोला भागातल्या प्रत्येक बैठकीला वासुदेव डबी घेऊन येई आणि अदबीनं रेडिओवर ठेवी. अमरावतीकडे रमजानभाईंनी पुढे दुसरा, आधीच फाटलेला स्पीकर मिळवला; त्या बैठकांना वासुदेवला कळवत नसत. असे दोन आवाज झाले आणि दोन पक्ष झाले.

रमजानभाईंच्या चाळिसाव्या दिवशी अकोल्याची मंडळी अमरावतीला आली होती. जेवणं झाली आणि अंगणात भांडण सुरू झालं. फाटकं की डबी. आवाज चढले. आमच्यातला एकजण तावातावानं सांगू लागला की डबी ही नंतरची गोष्ट, खरा सूर तर त्या दिवशी अकोल्यात कुणीतरी... मी त्याच्या पायावर पाय दिला. वासुदेवनं ते पाहिलं. त्यानं मला बाजूला, गाद्यांच्या ढिगाजवळ नेलं.

"राहू द्या बाबूजी," तो म्हणाला. "मले समजलं होतं. दाभण काढली ना त्यानं, तेव्हाच. मी रेडिओवाला हावो, मले नाई समजनार? मी शिवलं, आन मी त्याचा गळा दाबला."

मी विचारलं की मग एवढी वर्षं दर बैठकीला ती डबी कशाला आणत होतास.

"नाई आनली असती," वासुदेव म्हणाला, "तं त्याले समजलं असतं ना, का मले समजलं म्हनून."