व्याह्यांसोबत पार्कला

माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नव्हता. आई दूध तापवताना मानपानाच्या साड्यांबद्दल बोलायची आणि कणीक मळताना केळवणांबद्दल. बाबा फार बोलायचे नाहीत. परळची खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये राहायला आलो होतो. बाबांची सरकारी कचेरी पार तिकडे दक्षिण मुंबईत. त्यामुळे रविवार म्हणजे पंखे पुसायचे, नळाचं वायसर बदलायचं आणि दुपारी आडवं व्हायचं. फिरायला जाणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता.

म्हणून एका रविवारी वरणभात कालवता कालवता ते म्हणाले, ‘‘पुढच्या रविवारी आपण पार्कला जाऊ या. ते खाडीकडचं, मोठमोठे पाळणे आहेत ते. व्याह्यांनाही बोलवू,’’ तेव्हा आईच्या हातातली वाटी तशीच राहिली.

‘‘कुणाला?’’

‘‘व्याह्यांना.’’

‘‘पाळण्यात बसायला?’’

‘‘जाऊ या म्हटलं ना.’’

एवढं बोलून ते ताक प्यायले आणि झोपायला गेले. आई माझ्याकडे बघत राहिली. मला काय कळणार? मी ज्याच्याशी लग्न करणार होते त्याला तोवर चारदाच भेटले होते, आणि त्याला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’ हेसुद्धा माझं ठरलेलं नव्हतं. फोनवर मी कर्ताच गाळून बोलायचे. ‘‘जेवण झालं?’’ ‘‘ऑफिसला जायचंय ना उद्या?’’ त्याचंही तसंच चाललेलं. दोघांची वाक्यं बिनमालकाची.

त्यात हॉलवरून दोन्ही घरांत थोडी कुरबुर होती. बाबांच्या मनात स्टेशनजवळचा एक एसी हॉल होता. मुलाकडच्यांना मोकळं लॉन हवं होतं. उघड कुणी नाही म्हणत नव्हतं, प्रत्येक बोलणं ‘बघू या’वर संपायचं. आईला वाटलं, हे असं चाललेलं असताना पार्क कुठून काढलं यांनी? राग घालवायला की वाढवायला?

संध्याकाळी बाबांनी बोरीवलीला व्याह्यांना फोन लावला. आई स्वयंपाकघराच्या दाराशी, मी सोफ्यावर. आम्हाला बाबांचंच ऐकू येत होतं.

‘‘हो हो, पार्कच... मोकळी जागा आहे, हवा भरपूर... जेवणासकट एका दिवसाचं पॅकेज मिळतं, माणशी... अहो, दोन-तीन हजार माणसं सहज मावतात... रविवारी सगळे मिळून बघून येऊ.’’ मग बराच वेळ ऐकणं आणि शेवटी, ‘‘अं? बरं. बरं बरं.’’

रिसीव्हर ठेवून ते तसेच उभे राहिले.

‘‘काय म्हणाले?’’ आईने विचारलं.

‘‘खूश झाले एकदम. म्हणाले, आमच्या मनातलं बोललात.’’ बाबांनी कपाळ चोळलं. ‘‘पण म्हणाले, आमच्याकडची दीडशेच माणसं असतील.’’

‘‘दीडशे?’’

‘‘असं म्हणाले.’’

‘‘पार्कला? दीडशे माणसं घेऊन?’’

आम्ही तिघं बसलो विचार करत. आई म्हणाली, त्यांची भावकी मोठी आहे, पण इतकी? मी म्हटलं, तुम्ही ऐकण्यात चूक केली असेल. बाबा म्हणाले, कानाने अजून तरी ऐकू येतं. दीडशे माणसांचं तिकीट कुणी काढायचं, त्यांना आहेर करायचा का, बोलावलं आपण म्हणजे नाश्ताही आपलाच का, एकेक प्रश्न निघायला लागला. शेवटी न राहवून आईने स्वतः फोन केला. विहीणबाईंनी घेतला.

‘‘छे छे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी आम्ही तिघंच येणार. बाकीचे नंतर.’’

नंतर म्हणजे कधी, हे विचारायचं धैर्य आईला झालं नाही. तिघंच येणार म्हटल्यावर आमचा जीव भांड्यात पडला होता आणि आम्ही तो तिथेच राहू दिला.

पुढचे सहा दिवस नुसता गोंधळ. पाळण्यांच्या पार्कशेजारी पाण्याचंही एक पार्क होतं. तिकडे जायचं का? जायचं तर काय घालून? आईने जन्मात साडीशिवाय काही नेसलं-घातलं नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती काकी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाभी, पानी में साडी कितनी भारी होती है, मालूम है? ये पहनो.’’ त्यांनी आपला मोरपिशी रंगाचा पंजाबी ड्रेस काढून दिला. आईने तो दार लावून घालून पाहिला, लगेच उतरवला, पुन्हा घातला.

‘‘विहीणबाई काय म्हणतील?’’

‘‘त्या पण हाच पहनून येणार, बघा तुम्ही,’’ काकी मराठीत म्हणाल्या. त्यांच्या मराठीवर आईचा विश्वास बसला.

मग रस्ता. आम्हाला उत्तनच्या रस्त्याने गाडीने जाणं सोयीचं, व्याह्यांना बोरीवलीच्या धक्क्यावरून बोटीने. ‘‘गेटवर भेटू,’’ असं ठरलं. कुठल्या गेटवर, हे दोन्हीकडून कुणी विचारलं नाही.

मी त्या सहा दिवसांत बाबांना दोनदा विचारलं, ‘‘पण बाबा, मध्येच हे का?’’ एकदा ते म्हणाले, ‘‘तुला नको असेल तर राहू दे.’’ दुसऱ्यांदा म्हणाले, ‘‘टॉवेल घेतलेस का?’’ यावरून काय समजायचं, मला कळलं नाही. वाटायचं, त्यांना मुलाची काही परीक्षा घ्यायची आहे. कधी वाटायचं, त्यांना हे लग्नच पसंत नसावं.

रविवारी सकाळी मुर्धा गावचे एक काका जीप घेऊन आले. बाबांच्या ओळखीने ठरवली होती. त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत आम्हाला पाहिलं: इस्त्रीच्या शर्टात बाबा, मोरपिशी ड्रेसमध्ये ओढणी सतत सावरणारी आई, जीन्सवर टिकली आणि हातात हिरव्या बांगड्या घातलेली मी, तीन पिशव्या, एक पाण्याचा कॅन.

‘‘कुठं लग्नाला चाललाव का पिकनिकला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पार्कला,’’ बाबा म्हणाले.

‘‘आता तं गेट बंद हाय. यवढ्या सकालचं कोन उघडतंय?’’

तरी निघालो. मुर्धा, राई ही गावं मागे पडली. मिठागरांवर ऊन चढायला लागलं होतं. उत्तनला चर्चमधून बाहेर पडलेली माणसं रस्त्याच्या कडेने घोळक्याने चालली होती. आई म्हणाली, ‘‘किती छान नटल्यात बायका,’’ आणि ओढणी पुन्हा सारखी केली.

रस्त्याकडच्या गेटवर आम्ही थांबलो. गेट उघडलं, गर्दी आत गेली, तरी आम्ही थांबलेलो. माझ्या नव्या मोबाईलवरून मी त्याला फोन करत होते, तो लागत नव्हता. लागला तेव्हा तो म्हणाला, ‘‘आम्ही गेटवर आहोत.’’

‘‘आम्ही पण गेटवर आहोत.’’

‘‘दिसत नाही कुणी.’’

‘‘इथे तिकिटाची खिडकी आहे.’’

‘‘इथे पण आहे. आणि समोर पाणी.’’

ते धक्क्याच्या बाजूला होते. शेवटी ठरलं की आपापली तिकिटं काढून आत यायचं आणि मधल्या कारंज्यापाशी भेटायचं. भेटलो. आणि भेटल्या भेटल्या आम्ही सहाही जण एकमेकांचे कपडे बघत राहिलो.

विहीणबाई जांभळ्या पैठणीत होत्या. केसांत अबोलीचा गजरा, हातात लाल पर्स. सासरे सफारी सूट घालून आले होते. तो स्वतः पांढऱ्या शर्टात, घामाने भिजलेला. विहीणबाईंनी आईच्या ड्रेसकडे पाहिलं. आईने त्यांच्या काठांकडे पाहिलं. मला त्या कारंज्यात उडी मारावीशी वाटली.

सासऱ्यांनी मात्र कामाला सुरुवात केली. खिशातून गुंडाळलेली मोजपट्टी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि बाबांना विचारलं, ‘‘स्टेज कुठल्या बाजूला?’’

‘‘स्टेज?’’ बाबा म्हणाले. ‘‘शो दुपारी असतो म्हणे. जादूचे प्रयोग.’’

‘‘जादूचे? लग्नात?’’

‘‘कुणाच्या लग्नात?’’

वरून एक गाडी किंचाळणाऱ्या पोरांना घेऊन रुळांवरून धडधडत गेली. ती जाईपर्यंत कुणाला बोलता आलं नाही.

पहिल्यांदा त्यालाच उमगलं. ‘‘आई,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘यांनी आपल्याला लॉन बघायला नाही बोलावलेलं. फिरायला बोलावलंय.’’

तेव्हा सगळा उलगडा झाला. मोकळी जागा, जेवणासकट पॅकेज, हजारो माणसं मावतात, हे ऐकून त्यांना वाटलं होतं की बाबांनी एसी हॉलचा हट्ट सोडला आणि लग्नासाठी पार्क शोधून काढलं. दीडशे माणसं म्हणजे त्यांच्याकडचे वऱ्हाडी.

‘‘मला बोटीतच शंका आली होती,’’ तो म्हणाला. ‘‘लांबून पाळणे दिसले. पण म्हटलं, आत कुठेतरी लॉन असेल.’’

विहीणबाईंचा चेहरा लाल झाला. त्या बाकावर बसल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, ‘‘मग आम्हाला बोलावलंत कशासाठी?’’

हा प्रश्न आम्ही आठवडाभर घरात विचारत होतो. आता तो पैठणी नेसून समोर बसला होता. बाबा उभेच होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘‘मलाही नीट सांगता येणार नाही,’’ ते म्हणाले. ‘‘घरात उठल्यापासून झोपेपर्यंत लग्न, लग्न, लग्न. पोरगी दोन महिन्यांनी जाणार. म्हटलं, एक दिवस तरी असा असावा की त्यात लग्न नाही. तुम्ही आलात तर तुम्हीही नुसते माणसं म्हणून दिसाल. असं काहीतरी मनात आलं. चुकलं असेल माझं.’’

सासरे मोजपट्टी गुंडाळत होते, ती पुन्हा पुन्हा सुटत होती. मी बाबांकडे पाहिलं. मला रडू येतंय की हसू, ते मला कळेना. हे त्यांनी घरी का नाही सांगितलं, याचा राग होता, आणि सांगितलं असतं तर मी काय केलं असतं तेही ठाऊक नव्हतं.

‘‘अहो, तसं सांगायचं ना फोनवर,’’ विहीणबाई पर्स बाजूला ठेवून म्हणाल्या. ‘‘मी साधी साडी नेसून आले असते.’’ मग आईकडे वळून, ‘‘हा ड्रेस कुठून घेतलात?’’

‘‘शेजारणीचा आहे,’’ आई खरं तेच बोलून गेली. ‘‘मला पण चमत्कारिक वाटतंय यात. पाण्यात जायचं म्हणून घातला.’’

‘‘पाण्यात?’’ त्या दचकल्या. मग त्यांना हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. आईलाही फुटलं. गजऱ्यातली दोन फुलं गळून बाकावर पडली.

पाण्याचं पार्क अर्थातच रद्द झालं. दोघी लहान मुलांच्या चक्रात बसल्या, एक पैठणीत आणि एक मोरपिशी ड्रेसमध्ये, लाकडी घोड्यांवर एका बाजूला पाय सोडून. आम्हा दोघांना सगळ्यांनी मिळून त्या मोठ्या झुलत्या नावेकडे पिटाळलं. तो टाळत होता. मला वाटलं, माझ्याशेजारी बसायला लाजतोय. नाव वर जायला लागली तेव्हा खरं कारण कळलं. त्याने दांडा दोन्ही हातांनी आवळला होता आणि त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

‘‘डोळे मिट! अरे, तू डोळे मिट ना!’’ मी ओरडले.

त्याने मिटले. खाली उतरल्यावर तो गवतावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘‘मला उंचीची भीती आहे हे तुला आधी सांगायला हवं होतं.’’ आम्ही दोघंही ‘तू’वर आलो होतो. हे बरं झालं की जरा लवकरच झालं, याचा मी दुपारभर विचार करत होते.

जेवताना हॉलचा विषय कुणी काढला नाही. (तो पुढे पंधरा दिवसांनी सुटला. लग्न झालं ते तिसऱ्याच ठिकाणी, शाळेच्या एका सभागृहात.) जादूचे प्रयोग मात्र सासऱ्यांनी पहिल्या रांगेत बसून पाहिले.

निघताना नवाच घोळ झाला. विहीणबाई आईला म्हणाल्या, ‘‘तुम्ही कधी बोटीत बसलात?’’ आई नाही म्हणाली. ‘‘मग चला माझ्याबरोबर.’’ आणि आई निघालीसुद्धा. त्याच्याजवळ मोबाईल होता म्हणून तोही त्या दोघींबरोबर गेला. सासरे म्हणाले, मला उत्तनचा रस्ता पाहायचाय, आणि आमच्या जीपमध्ये येऊन बसले. आई बोरीवलीहून घरी कशी येणार, सासरे भाईंदरहून घरी कसे जाणार, हे जीप राईपर्यंत येईतो कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा मुर्ध्याचे काका म्हणाले, ‘‘सगली मानसं उलटीपालटी भरली तुमी!’’ त्यांनीच मग सासऱ्यांना बोरीवलीला नेऊन सोडलं.

बाबा घरी आल्यापासून गॅलरीत उभे होते. आई आली ती दिवेलागण होऊन गेल्यावर, त्याच्या सोबतीने रिक्षातून. केस विस्कटलेले, ओढणी खांद्यावर नुसती टाकलेली. त्याला जेवूनच जा म्हणून तिने बसवलं आणि पिठलं टाकायला घेतलं.

‘‘बोटीत भीती नाही वाटली?’’ बाबांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

‘‘वाटली ना.’’

‘‘मग कशाला गेलीस? मला विचारलंही नाहीस.’’

‘‘विचारायचं असतं की नाही, तेच कळेना,’’ आई म्हणाली. ‘‘तेवढ्यात त्यांनी हात दिला. मग बसले.’’

बाबा आत आले. मग त्यांनी चार ताटं घेतली.