बेल्टचा एक दात
रॉकेलचा वास आला की लोहाऱ्यातलं ते गॅरेज आठवतं. जीपची इंजिनं खोलण्यात केस पिकलेले मिस्त्री माझ्या नव्या धाटणीच्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलत होते. जीपचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, इंजिनात खाली असतो, लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह ढकलतो. हिचा डोक्यावर, बेल्टनं फिरणारा, अन् त्या बेल्टचा एक दात जरी चुकला तरी पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकणार. बेल्टच्या वरच्या चाकावरची जुळणीची खूण सरकलेली मला दिसत होती, पण एवढ्या जाणत्या माणसाला सांगायचं कसं? “मारा स्टार्टर,” ते म्हणाले. मी किल्ली धरली, तोच माझ्या तोंडाकडं बघून ते ओरडले, “थांबा!” त्यांनी पान्यानं इंजिन हळूच फिरवून बघितलं, ते अर्ध्यातच टक्कन अडलं. “तुमाला दिसलं व्हतं ना?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. ती गाडी कधीच विकली. ते ‘नाही’ अजून माझ्याकडंच आहे.