बादलीतला जग्वार

नागपूरहून आणला तेव्हा तो करंगळीएवढा होता. जग्वार जातीचा सिक्लिड मासा, अंगभर काळे ठिपके आणि नजर अशी की जणू आम्हीच त्याचे भाडेकरू. वर्षभरात त्याने टाकीतले बाकीचे सगळे मासे गिळले आणि पाच फुटांच्या काचेत एकटा राज्य करू लागला. आरमोरीतल्या आमच्या घरी पाहुणे आले की मी चहाआधी तो दाखवायचो. बायको म्हणायची, "आपल्याले लेकरू नाई झालं, हा राक्षस झाला." ती हसायची, मीही हसायचो. पण शाळेतून आलो की मी आधी त्याच्याकडेच जातो, हे तिला ठाऊक होतं.

मे महिन्यात वादळ आलं आणि विजेचे खांब आडवे झाले. इन्व्हर्टरवर हवेचा पंप कसाबसा रात्रभर चालला, मग इन्व्हर्टरही बसला. एवढा मोठा मासा, त्याची घाण त्याच पाण्यात, त्यात आमच्याकडचं ऊन. बोअर बंद, छतावरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं गरम. आम्ही आळीपाळीने मगाने पाणी उचलून वरून ओतत राहिलो, तेवढीच हवा मिसळावी म्हणून. बायकोने प्यायचा माठ त्यात रिकामा केला. तरी तो वर येऊन तोंड वासत होता. मी लाइनमनवर ओरडलो, बायकोवर ओरडलो, शेवटी माशावरही ओरडलो. हात भरून आले तेव्हा हातातला मग भिंतीवर फेकून मारला. मला रडू येत होतं आणि त्याचीच जास्त चीड येत होती.

"इथी मरंल तो," बायको म्हणाली. "बाबाच्या तलावात सोडून द्या ना जी. जगंल तरी."

तिचं माहेर जवळच, ढिवरांचं गाव. सासऱ्यांचा जन्म त्या तलावात जाळं टाकण्यात गेला. हे आधी काऊन सुचलं नाही म्हणून मी कपाळावर हात मारला. बादलीत त्याला वाकडा करून बसवला, बायकोने बादली मांडीवर धरली आणि मी मोटारसायकल हाणली.

तलाव आटला होता. मधल्या डोहात तेवढं पाणी उरलं होतं. त्या डोहात पावसाआधी गावातलं कोणी जाळं टाकत नाही. तिथे बियाण्याचे मासे राखलेले असतात. पाऊस पडला की त्यांचीच पिल्लं तलावभर होतात आणि गाव त्यांवर जगतं. सासरे काठावर राखण करत बसले होते.

त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं. "जावईबापू, हा खाते काय?"

"मासे," मी म्हणालो.

 त्या घरात जावयाला नाही म्हणत नाहीत, काही झालं तरी नाही. "सोडा," ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा का तलाव मोठा हाय?" बोलताना ते डोहाकडे पाहत होते. बायकोने पदर तोंडाशी नेला. तिच्याही आत्ताच लक्षात आलं होतं.

ते रागावले असते तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. बादली घेऊन मी गुडघाभर पाण्यात गेलो. पायाशी बारीक काहीतरी सळसळलं. बादली कलती केली तसं गार पाणी आत शिरलं आणि त्याने जोरात शेपटी मारली. त्याला जगायचं होतं. मी बादली सरळ केली आणि काठावर आणून ठेवली.

"नाई सोडत," एवढंच बोलता आलं.

 सासऱ्यांनी डोहातून ओंजळ भरून आणली आणि उंचावरून बादलीत सोडली. मग बायकोने, मग मी. त्याचे कल्ले हळूहळू हलत होते. ऊन डोक्यावर आलं. आम्ही तिघे ओतत राहिलो.

मग कल्ले थांबले. मला दिसलं, बायकोला दिसलं. सासरे मात्र पुन्हा डोहाकडे गेले, ओंजळ भरून आले. मी त्यांचे ओले हात धरले तेव्हा कुठे ते थांबले.